न वाचलेल्या सात ओळी

औशाच्या आसपासच्या दहा-बारा गावांत विहीर पाडायची झाली की लोक आधी पाणाड्याला गाठायचे आणि मग आमच्या वडिलांना, आबांना. पाणी कुठं लागेल ते पाणाड्या सांगायचा. पाणी लागेपर्यंत आत उतरलेली माणसं धड राहतील का, ते आबा सांगायचे. पाणाड्याचं चुकलं तर लोक हसायचे आणि ती कोरडी विहीर पुढं त्याच्याच नावानं ओळखली जायची. आबांचं चुकून चालणार नव्हतं. आमची आठ एकर जमीन होती, देवणी बैलांची जोडी होती, घरात खायला-प्यायला कमी नव्हतं. विहिरीचं काम आबा पोटासाठी कमी आणि हौसेनं जास्त करतात असं माय म्हणायची, आणि म्हणताना तिच्या आवाजात कौतुक फारसं नसायचं.

काम म्हणजे काय, तर पहार मारायची आणि ऐकायचं. अर्धवट खोदलेल्या विहिरीत दोर धरून उतरायचं, चारी अंगांनी हातहातभर अंतरावर पहार हाणायची. पाषाण असला की ठण्ण वाजायची आणि कोपरापर्यंत झिणझिण्या यायच्या. आत मुरूम सुटलेला असला की भद्द असा मेलेला आवाज. मधले पंचवीस आवाज फक्त आबांना कळायचे, आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठा असलेला माझा भाऊ बालाजी, त्याला कळायचे. घरात आमचा तोच खेळ होता. बालाजी डोळे मिटून बसायचा, मी उंबऱ्यावर, जात्यावर, चुलीमागच्या भिंतीवर वरवंटा आपटायची आणि तो ओळखायचा. चुलीमागची भिंत आतून पोखरली आहे हे त्यानंच सांगितलं होतं. तिथून मग उंदरांचं अख्खं खटलं निघालं. माझी पाळी आली की मला सगळंच सारखं ऐकू यायचं. आबा हसून म्हणायचे, "सुशे, तुझा कान वहीत हाय. तुला न्हाई जमायचं हे." मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता वाटतं, माझ्याबद्दल एवढं खरं दुसऱ्या कुणी कधी बोललं नाही.

विहिरीवरच्या माणसांचा एक रिवाज होता. दुपारच्या भाकरीला वर चढायचं नाही, चढ-उतारात जीव जातो, तळाशीच खायचं. कुठल्या कडेला टेकून खायचं ती जागा आबा पहार मारून ठरवायचे आणि तिथं आधी स्वतः बसायचे. ते बसून एक घास खात, मग बाकीचे टेकत. आणि एकदा आबांनी सांगितलेली जागा दुसऱ्या कुणी मोडायची नाही. ज्यानं सांगितली त्यानंच ती मोडायची. दुसऱ्यानं "इथं नको" म्हटलं तर तो आबांचा अपमान धरला जायचा, म्हणून कुणी म्हणत नसे. मायनं बांधून दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि किटलीतली येसराची आमटी घेऊन मी कितीदा तरी विहिरीच्या काठावर गेले आहे. वरून डोकावलं की बारा-पंधरा डोकी एका कडेला ओळीनं टेकलेली दिसायची. गावातल्या बायका म्हणायच्या, आबांच्या विहिरीवर नवरा गेला की घोर नसतो.

मी घरातली वाचणारी. आई-वडिलांना अक्षरओळख नव्हती आणि बालाजी सातवीनंतर आबांच्या मागं विहिरीत उतरला. पत्र, सोसायटीची नोटीस, पुडीचा कागद, आमच्या घरात कागद माझ्याशिवाय बोलत नव्हता. मी मुद्दाम सावकाश वाचायची, मधे थांबून पाणी प्यायची. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला घरात एवढा मान दुसऱ्या कशानं मिळणार? लांबलचक ओळी असल्या की मी काही गाळायची, काही पदरच्या घालायची. आत्याच्या पत्रात तिच्या सासूच्या तक्रारी असायच्या, त्या मी वाचतच नसे, कारण त्यानं मायचा दिवस खराब व्हायचा. थोडक्यात, ती सवय मला आधीपासून होती.

मी दहावीला होते त्या उन्हाळ्यात औशाचे चाँदपाशा आमच्याकडं आले. ते सुरुंग लावायचे. आबांची आणि त्यांची जोडी जुनी होती, आम्ही त्यांना चाँदचाचा म्हणायचो. कुणा ठेकेदारानं हिमालयात पुलाच्या पायाचे खड्डे घ्यायचं काम धरलं होतं आणि त्याला पाषाणात उतरणारी माणसं हवी होती. चाचा म्हणाले, "आबा, चार महिने. थंडी लई हाय म्हनत्यात, पन पैसा बी हाय, आन् बर्फ बगायला मिळंल." पैशाचं आबांना फारसं नव्हतं. बर्फाचं होतं. अक्षय तृतीया झाली आणि बाराजण निघाले, आबा, बालाजी आणि चाचा धरून. गव्हाच्या चपातीवर यांचं पोट भरणार नाही म्हणून मायनं दोन पोती ज्वारीचं पीठ दळून दिलं. गिरणीत मी आणि ती अख्खी सकाळ बसलो होतो, आमच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं बालाजीला स्वतःच्या हातानं भाकरी थापायला शिकवलं. त्याची पहिली भाकरी आमच्या तालुक्याच्या नकाशासारखी झाली आणि ती आबांनी हट्टानं खाल्ली.

महिन्या-दीड महिन्यानं आबा एकटे परत आले ते माझ्यासाठी. मी दहावीला शाळेत पहिली आले होते. लातूरच्या कॉलेजात अकरावीचा प्रवेश होत होता, पण वसतिगृहात जागा मोजक्या, आणि फॉर्मवर वडिलांचा अंगठा समोर उभं राहून पाहिजे असं तिथल्या क्लार्कनं सांगितलं होतं. दुसरीकडं मामाच्या गावाकडून मला मागणी आली होती. माय सरळ म्हणाली होती, "कॉलेजात घेतलं तर शिक. न्हाई घेतलं तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू. घरात बसून काय करतीस?" ती वाईट नव्हती. तिच्या डोळ्यासमोर तिसरा रस्ताच नव्हता.

आबा आले आणि चार दिवस हिमालयच बोलत होते. तिथं झाडं संपतात, त्याच्यावर नुसता दगड-गोटा, आणि त्याच्यावर बर्फ. वारा असा की तंबू राहायचा नाही. मग एका टेकाडाच्या पोटाला त्यांनी आडोशाची जागा शोधली. "दिसायला नुसता खडी-मातीचा ढीग," आबा म्हणाले, "पन पहार मारली तर काय वाजली सांगू! आपल्या काळ्या पाषाणाहून गोड. मी म्हनलं चाँदपाशा, हितं देव बी झोपंल." ते तिथं पहिल्या रात्री एकटे झोपले, रिवाजाप्रमाणं. मग सगळ्यांचे तंबू तिथं लागले आणि स्वयंपाकाचा तंबू अगदी टेकाडाला चिकटून, आबांच्या अंथरुणाच्या शेजारी. निघताना ती ऊबदार जागा त्यांनी बालाजीला दिली. "म्हनलं, माझ्या जागेवर झोप. तिला काय धाड भरत न्हाई."

पुढचं सांगायचं मी आजवर टाळत आले. माझ्या मुलालाही हे माहीत नाही.

मंगळवारी सकाळी बालाजीचं पत्र आलं. शुक्रवारी लातूरला प्रवेश होता. आबा ओट्यावर दोरखंडाला पीळ घालत होते, माय अंबाडीची भाजी निवडत होती. मी उंबऱ्यात बसून नेहमीसारखी ठसक्यात सुरुवात केली. "तीर्थरूप आबा व माय यांस बालाजीचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. इकडे मी खुशाल आहे." मग भाकरी आता गोल होते हे होतं, चाँदचाचांच्या नाकाला फोड आला हे होतं, सुशीला सगळे पेढे एकटीनं संपवू नको म्हणावं हे होतं. माय हसली. माझी नजर खाली गेली आणि मी थांबले. पुढं असं लिहिलं होतं:

"आबा, एक कळवायचं आहे. तुमच्या जागेत पहार आता भद्द बोलती. मी चारदा मारून बघितली. तंबूचे खुंटे हातानं उपसून येत्यात आन् टेकाडातून गढूळ पाणी पाझरून राहिलं. हितली म्हातारी माणसं म्हणत्यात, आधी बर्फाची नदी ह्या टेकाडाला टेकून असायची, ती आता वर सरली, टेकाड उघडं पडलं. मी चाचाला काही बोललो न्हाई. तुमची जागा खराब हाय हे माझ्या तोंडून चारचौघांत कसं निघावं? हलायचं का न्हाई ते तुम्ही तारेनं कळवा, मंग मी सगळ्यास्नी हलवतो."

मी मोजल्या आहेत, सात ओळी. बारीक अक्षर, शेवटची ओळ घडीवर आलेली.

आबांना मी ओळखत होते. कुठल्या विहिरीची कड भद्द बोलते असं कानावर आलं की ते ताटावरून उठायचे. हे वाचलं असतं तर ते तारेवर भागवणारे नव्हते. औशाला जाऊन तार केली असती आणि तिथूनच सोलापूरची बस धरून वर निघाले असते. शुक्रवार गेला असता. वसतिगृह गेलं असतं. मला मामाच्या गावची ती विटकरी रंगाची घरं दिसली, आणि पदर घेतलेली मी. हे सगळं एका श्वासात झालं. मग मी पान उलटल्यासारखं केलं आणि वाचलं, "सर्वांस नमस्कार. तुमचा, बालाजी."

आबा म्हणाले, "एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

शनिवारी सांगायचं, असं मी ठरवलं होतं. खोटं नाही, खरंच ठरवलं होतं. चार दिवसांनी काय होतंय? जमीन काय चार दिवसांत पळून जाते? आमच्याकडच्या विहिरींच्या कडा महिनाभर भद्द बोलायच्या आणि उभ्या राहायच्या. शुक्रवारी आम्ही लातूरला गेलो. क्लार्कनं आबांचा अंगठा शाईत बुडवला, माझं नाव वहीत चढलं. आबांनी गंजगोलाईत मला पत्र्याची ट्रंक घेऊन दिली, आणि बसमध्ये ती स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरगी कॉलेजात हाय माझी." शनिवारी ते इतके आनंदात होते की मला तोंड उघडवेना. आता सांगायचं तर मंगळवारी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. रविवारीही तसंच झालं.

सोमवारी तार आली. मीच वाचली. शनिवारी दुपारी टेकाड खाली आलं होतं. सगळे कामावर होते. भाकरी थापायची पाळी बालाजीची होती, म्हणून तंबूत तो एकटाच होता.

माय कशी ओरडली ते मी लिहिणार नाही. आबा ओरडले नाहीत. ते उठून गोठ्यात गेले आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले, तसेच अंधार पडेपर्यंत. आठ-दहा दिवसांनी चाँदचाचा आले, हातात स्टीलचा डबा, वरून पांढरं फडकं बांधलेला. त्यांनी दोन दिवस हातांनी उकरलं होतं. नखं काळी झाली होती. ते आबांच्या पायाशी बसले आणि रडत म्हणाले, "आबा, म्या बी मारली होती पहार तुमच्या संग. वाजली होती की ओ. अल्लाची आन, पाषाणावानी वाजली होती." आबा म्हणाले, "वाजली ती मला वाजली, चाँदपाशा. जागा म्या सांगितली." त्यानंतर ते कुणाच्या विहिरीत उतरले नाहीत. लोक यायचे, त्यांना कानाकडं बोट दाखवून म्हणायचे, "हा गेला. दुसरा माणूस बगा." गावातही हळूहळू तेच झालं. आबांचा कान गेला आणि पोराला घेऊन गेला. मी हे ऐकत होते.

मला वाटलं होतं माझं शिक्षण आता सुटलं, आणि सुटावं असंही वाटत होतं. मायनंच ट्रंक भरली. "त्याचं तर काय न्हाई झालं, तुझं तरी होऊ दे," म्हणाली. मी शिकले, नांदेडला शिक्षिका झाले, भूगोलाची. लोकांना यात काहीतरी प्रायश्चित्त दिसेल. तसं काही नाही, इतिहासाची जागा भरली होती. सुट्टीत घरी गेले की माय म्हणायची, "बालाजीचं पत्र वाच गं." पत्र माझ्याच ट्रंकेत असायचं, ते मी कुणाच्या हाती लागू दिलं नाही. मी वाचायची, त्या जागी आले की पान उलटल्यासारखं करायची. मायला ते पाठ झालं होतं, मी न वाचलेलं सोडून सगळं. आबा खांबाला टेकून ऐकायचे, आणि दरवेळी शेवटी विचारायचे, "एवढंच?" माय त्यांच्यावर चिडायची, "आता काय त्यात नवीन निघनार हाय का?" माय गेली त्या वर्षापासून पत्राचं वाचन थांबलं.

निवृत्तीच्या थोडं आधी नांदेडला आमचं एक प्रशिक्षण झालं. एक तरुण प्राध्यापक पडद्यावर डोंगर दाखवत होते. जेवणानंतरचा तास, अर्धा वर्ग पेंगत होता, मीही पेंगत होते. ते म्हणाले, फार उंचावर जमीन आतून बारमाही गोठलेली असते. दगड-गोटे, माती, मधे बर्फ. बर्फच सिमेंटचं काम करतो. अशा उतारावर कुदळ मारा, खडकावर मारल्यासारखी उडेल. पण आता हवा तापतेय. उन्हाळ्यात तो बर्फ आतून सुटतो आणि काल खडक वाटलेला उतार आज चिखल-खडीचा ढीग होतो. त्यात खालची हिमनदी वितळून मागं गेली की पायथ्याचा टेकाही जातो. मग दरड यायला काही कारण लागत नाही. माझी झोप गेली. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्हाला बरं वाटत नाही का? मी नाही म्हटलं आणि बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं. आबांचा कान चुकला नव्हता. वैशाखात ती जमीन पाषाणच होती. ती आषाढात राहणार नाही हे आमच्या काळ्या मातीतल्या माणसाला कसं कळावं? ज्या मुलखात पाणी कधी गोठत नाही, तिथला कान तो.

त्या रविवारी मी पहिली बस धरली. अर्धापूरच्या केळीचे ट्रक अजून रस्त्यावर होते. पर्समध्ये पत्र होतं. आधी आबांना हे सांगायचं, त्यांचं ओझं उतरलं की मग पत्र सगळं वाचायचं, असं मी मनाशी घोकत गेले. आबा ऐंशीकडं झुकले होते, चुलतभावाच्या सुनेनं वाढलेलं खायचे, दिवसभर लिंबाखाली बाजेवर. मी त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं, गोठलेली जमीन, सुटलेला बर्फ, मागं सरलेली हिमनदी, हळूहळू, वर्गात सांगते तसं. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

"म्हंजी माझा कान चुकला न्हवता," ते म्हणाले.

"न्हाई आबा. तुमचा कान बरोबर होता. जमीन बदलली."

मला वाटलं ते रडतील, किंवा हसतील. ते बाजेचा सुंभ चाचपत राहिले.

"माझं म्या कव्हाच सोडून दिलं, सुशे. मानूस हाय, चुकला आसंल. पन बालाजीचा कान माझ्याहून बरा होता. पहार मारल्याबिगर त्यो कुटं पाठ टेकायचा न्हाई. मंग जमीन बदलली तर त्याला कळायला पाहिजे होती का न्हाई? आन् कळली तर मला कळवलं कामून न्हाई? पत्र तर धाडलं होतं. भाकरीचं लिवलं, नाकाच्या फोडाचं लिवलं." ते माझ्याकडं वळले. "मला भ्यायला का गं त्यो? माझी जागा मोडायची म्हून? मी एवढा वाईट बाप होतो का?"

इतकी वर्षं ते त्या पत्रात काय शोधत होते ते मला त्या क्षणी कळलं. माझा हात पर्सवर होता. चेन अर्धी उघडलेलीसुद्धा होती. ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांना जगात माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, "त्याला कळलं नसंल, आबा."

"हाव," ते म्हणाले. "कळलं नसंल." मग मान हलवून म्हणाले, "मंग म्या त्याला नीट शिकवलंच न्हाई म्हनायचं."

बापाला आपल्या लेकाबद्दल जो शेवटचा अभिमान उरला होता, तोही मी माझ्या हातानं काढून घेतला. आबा त्याच माघात गेले. बालाजीला सगळं कळलं होतं. त्यानं चारदा पहार मारली होती, आणि न भिता बापाला विचारलं होतं. हे सांगायला मला मिनिटभर पुरलं असतं. मी साडेचारची बस धरली आणि नांदेडला परत आले.